चावी बरोबर, बॅटरी बरोबर, तरी गाडी का घेत नाही? इमोबिलायझरची साधी उकल

२०२१-२२ च्या सुमारास अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाच्या गाड्या चोरीला जाण्याची लाट आली. गाडी कशी पळवायची याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरू लागले आणि मिसरूड न फुटलेली पोरं त्या गाड्या घेऊन पसार होऊ लागली. शेवटी २०२३ च्या फेब्रुवारीत दोन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर केली. गंमत अशी, की याच कंपन्यांच्या याच गाड्या सीमेपलीकडे कॅनडात मात्र त्या युक्तीला दाद देत नव्हत्या. कॅनडात १ सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचा आहे, अमेरिकेत तशी सक्ती नाही. २०१५ च्या मॉडेलांपैकी अमेरिकेत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत तो मुळातच बसवलेला होता. या दोन कंपन्यांचं प्रमाण होतं २६ टक्के.

चोराला अडवणारा हाच भाग कधीकधी मालकालाही अडवतो. सेल्फ खणखणीत मारतो, टाकीत पेट्रोल आहे, पण गाडी घेत नाही. किंवा सुरू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते. मग कुणी म्हणतं ईसीयू (इंजिनाचा संगणक) गेला, कुणी म्हणतं सगळी वायरिंग बदला. इमोबिलायझर म्हणजे काही जणांनी मिळून साधलेला एक छोटा संवाद आहे. त्यातला कोण गप्प बसलाय एवढं शोधलं, की बऱ्याचदा काम स्वस्तात होतं. पुष्कळदा तर दोष इमोबिलायझरचा नसतोच.

चावीचे दात दुय्यम कसे झाले

जुन्या गाडीत चावीचं काम सरळ होतं. दात कुलपात बसले, की सिलिंडर फिरतो, मागचा स्विच जोडला जातो, वीज पुढे जाते. कुलूप तोडलं किंवा स्विचच्या वायरी परस्पर जोडल्या, तरी इंजिनाच्या दृष्टीने फरक काहीच नाही.

जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये यावर एक उपाय केला. चावीच्या पात्यात एक छोटा रेझिस्टर बसवला. गाडी त्याचा रोध मोजायची, आणि तो जुळला नाही तर काही मिनिटं सुरूच व्हायची नाही. पण रोधाच्या किमती होत्या फक्त १५. नेटाने पंधरा वेळा प्रयत्न केले तर एक लागणारच. नव्वदच्या दशकात रेझिस्टरच्या जागी चिप आली, १९९८ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला आणि २००१ च्या जुलैपासून ऑस्ट्रेलियात.

आता दात फक्त कुलूप फिरवतात. इंजिनाला परवानगी द्यायची की नाही, ते चिप ठरवते.

साखळीत कोण कोण असतं

पहिली ती चिप, म्हणजे ट्रान्सपाँडर. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात ती दडलेली असते. काही चाव्यांत ती जेमतेम सव्वा सेंटिमीटर लांबीच्या काचेच्या नळीच्या रूपात असते, काहींत काळ्या रंगाच्या निमुळत्या खड्यासारखी. तिला स्वतःची बॅटरी नसते. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात. पात्याच्या चावीत जो गोल सेल असतो तो दारं उघडणाऱ्या रिमोटसाठी. तो संपला तरी गाडी सुरू व्हायलाच हवी.

दुसरा भाग इग्निशन कुलपाच्या तोंडाभोवती बसवलेली तांब्याच्या बारीक तारेची कॉइल. चावी फिरवली, की या कॉइलमधून बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रातूनच चिपला चालायला वीज मिळते आणि त्याच क्षेत्रातून दोघांचं बोलणं होतं. पल्ला काही सेंटिमीटरांचा. म्हणून चावी कुलपात असावी लागते, खिशात असून भागत नाही.

तिसरा खुद्द इमोबिलायझर युनिट. कधी ती वेगळी पेटी असते, कधी मीटरच्या आत, तर कधी दिवे-काचा-लॉकिंग सांभाळणाऱ्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये. चौथा इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू. पेट्रोल किती फवारायचं, ठिणगी कधी द्यायची हे तो ठरवतो, आणि शेवटचा होकार-नकारही त्याचाच.

ऐकून नक्कल का करता येत नाही

सुरुवातीच्या चिपा एक ठरलेला आकडा सांगायच्या. रोज तोच. तो कुणी एकदा टिपला, की संपलं. पुढच्या पिढीत चिपला आकडा विचारणं बंद झालं आणि तिच्याकडून गणित सोडवून घेणं सुरू झालं.

असं समजा, दारावरच्या रखवालदाराने आणि तुम्ही एक नियम गुपचूप ठरवलाय: आलेल्या संख्येला ७ ने गुणायचं, ५ मिळवायचे आणि शेवटचे दोन अंक सांगायचे. आज तो म्हणाला ३६. गुणून झाले २५२, पाच मिळवून २५७, तुम्ही म्हणालात ५७. दार उघडलं. शेजारी उभ्या माणसाने ५७ ऐकलं आणि उद्या तेच सांगितलं, पण उद्या रखवालदार म्हणतो ८१, आणि बरोबर उत्तर असतं ७२. गुपित नियम एकदाही मोठ्याने बोलला गेला नाही, तरी दोघांना एकमेकांची खात्री पटली.

चिप आणि युनिट यांच्यात नेमकं हेच घडतं, फक्त संख्या प्रचंड मोठ्या आणि गुपित ४०, ४८, ९६ किंवा नव्या गाड्यांत १२८ बिटांचं. चिपचं उत्तर पटलं, की इमोबिलायझर युनिट आणि ईसीयू यांच्यात बहुतेक गाड्यांत अशीच दुसरी प्रश्नोत्तरं होतात. सगळं मिळून सेकंदाच्या काही अंशात उरकतं. सेल्फ इंजिनाला फिरवायला लागेपर्यंत निकाल लागलेला असतो.

ही दुसरी फेरी का हवी? ती नसती, तर इमोबिलायझरची पेटी उपटून तिच्या जागी 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणणारी नकली पेटी लावली, की काम झालं असतं.

नकार दिसतो कसा

हे गाडीगाडीप्रमाणे बदलतं आणि मेकॅनिकही इथे फसतात. काही गाड्या सेल्फच मारू देत नाहीत. काही सेल्फ मारू देतात, पण पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उघडत नाहीत किंवा ठिणगी देत नाहीत, त्यामुळे इंजिन नुसतं फिरत राहतं. फोक्सवॅगनच्या घराण्यातल्या बऱ्याच गाड्या झकास सुरू होतात आणि एक-दोन सेकंदांत बंद पडतात. पुन्हा चावी फिरवा, पुन्हा तेच.

गाडी धावत असताना बंद पडली तर मात्र कंपनीच्या इमोबिलायझरला दोष देऊ नका. तपासणी सुरुवातीलाच होते, आणि चालतं इंजिन त्याने बंद पाडू नये अशीच त्याची रचना असते. रस्त्यात बंद पडण्यामागे इंधन पंप, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा), रिले (विजेने चालणारा स्विच), इग्निशन स्विच अशी मंडळी असतात. बाहेरून बसवलेल्या उपकरणांची गोष्ट निराळी, ती पुढे येते.

मीटरवरचा दिवा वाचायला शिका

चावीचं किंवा कुलूप लावलेल्या गाडीचं चिन्ह असलेला दिवा शोधा. इग्निशन चालू केल्यावर तो बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो. म्हणजे चावी ओळखली. तो लुकलुकत राहिला किंवा लागून राहिला, तर ओळख पटलेली नाही. तो मुळीच लागला नाही, तर युनिटला वीज मिळतेय का ते आधी पाहायचं, फ्यूजपासून सुरुवात.

गाडी बंद करून लॉक केल्यावर डॅशबोर्डवर जो लाल ठिपका संथपणे मिचमिचतो, तो पहारा चालू असल्याची खूण आहे. त्यात बिघाड काही नाही. नेमका अर्थ मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. त्या पुस्तिका कुणी उघडत नाही आणि नेमक्या या पानावर पैसे वाचतात.

इमोबिलायझरवर आळ घेण्याआधी

बॅटरी तपासा. कंटाळवाणा सल्ला आहे, पण सर्वांत जास्त वेळा हाच लागू पडतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा पाहा. तो ९.६ च्या खाली घसरत असेल, तर ईसीयू किंवा इमोबिलायझर युनिट मध्येच रीसेट होतं आणि चाललेलं बोलणं तुटतं. दिवा लुकलुकतो, स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) चावीसंबंधीचा कोड उमटतो आणि दोष असतो थकलेल्या बॅटरीचा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि इंजिनाकडून बॉडीकडे जाणारी सैल अर्थिंगची पट्टी यांनीही हेच होतं.

सेल्फच मारत नसेल, तर ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्किंगमधून न्यूट्रलमध्ये टाकून पाहा. मॅन्युअलमध्ये क्लच तळापर्यंत दाबा. बटण-स्टार्टच्या गाडीत ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का ते कुणाला तरी पाहायला सांगा. ब्रेकचा स्विच बिघडला, की गाडीला तुम्ही ब्रेक दाबलाय हेच कळत नाही आणि ती सुरू व्हायला नकार देते. हा स्विच बदलायचा सोडून लोक नवी चावी विकत घेतात.

सेल्फ मारतो पण इंजिन घेत नसेल, तर आरपीएमचा काटा पाहा. सेल्फ मारताना तो किंचितही उचलला जात नसेल, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. ईसीयूला इंजिन फिरतंय हेच समजत नाही, मग तो पेट्रोलही देत नाही आणि ठिणगीही नाही. वरवर हुबेहूब इमोबिलायझरसारखं. इग्निशन चालू करताच मागच्या सीटखालून दोन सेकंद येणारी घुंई ही इंधन पंपाची. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले पाहा. काही गाड्यांत इमोबिलायझरच पंपाला थांबवतो, म्हणून या खुणेकडे मीटरवरच्या दिव्याबरोबर पाहावं, एकट्याने नाही.

स्टिअरिंगचं कुलूप अडकल्यामुळे चावीच फिरत नसेल, तर तो निव्वळ यांत्रिक प्रकार आहे. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं ढकलत चावी फिरवा.

चावीतला घोळ

इथपर्यंत सगळं ठीक असेल, तर दुसरी मूळ चावी आणा. तिने गाडी सुरू झाली, तर कॉइल, युनिट आणि ईसीयू निर्दोष. दोष पहिल्या चावीत. दोन्हींनी सुरू होत नसेल, तर दोष गाडीकडे. एवढ्या एका चाचणीने अर्धी शोधाशोध वाचते.

दुसरी चावी आणतानाच जुडग्यातून पहिली मोकळी करा. शेजारी दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल, तर दोन्ही चिपा एकाच वेळी उत्तर देतात आणि कॉइलला गोंगाट ऐकू येतो. जाड धातूची कडी कुलपाच्या तोंडाशी टेकली, तरी क्षेत्र दुबळं होतं. वायरलेस चार्जिंगचा पॅडही उपद्रवी ठरू शकतो. असे पॅड साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि आपले १२५ किलोहर्ट्झ नेमके त्यातच येतात. चावी आणि पॅड लांब ठेवा.

चावीचं कवच नुकतंच बदललं असेल, तर उत्तर जवळजवळ हातात आहे. जुन्या कवचाच्या एका कोपऱ्यात चिप डिंकाने चिकटवलेली असते. नव्या कवचात रिमोटची हिरवी पाटी जाते, बटणं चालतात, दारं उघडतात, आणि चिप जुन्या कवचाबरोबर कचऱ्यात. जुनं कवच फेकलं नसेल तर आत नखाने चाचपून पाहा. काचेची चिप काढताना चिमटा लावू नका, तडा गेला की ती कायमची गेली. काही चाव्यांत चिप हिरव्या पाटीवरच सोल्डर केलेली असते. तिथे हा प्रश्न येत नाही, पण चावी आपटल्यावर ते टाके सुटतात.

फक्त दात कापून केलेल्या डुप्लिकेट चावीने दार उघडेल, बऱ्याच गाड्यांत सेल्फही मारेल, पण इंजिन घेणार नाही. शंका असेल तर चालणारी मूळ चावी कुलपाच्या तोंडाला अगदी चिकटवून धरा आणि संशयित चावी फिरवा. गाडी सुरू झाली, तर फिरवलेल्या चावीतली चिप नाहीच किंवा मेलेली आहे. तरीही सुरू झाली नाही, तर अजून निष्कर्ष काढू नका; दोन्हींत जिवंत चिपा असल्या तर त्या एकमेकींच्या आड येतात.

कॉइल आणि वायरी

दोन्ही चाव्या नाकारल्या जात असतील, तर स्टिअरिंगभोवतीचं प्लास्टिकचं आवरण काढा. इग्निशन कुलपाच्या तोंडावर बसलेली कडी म्हणजे कॉइल. अलीकडे कुणी कुलूप किंवा स्टिअरिंगवरचे स्विच काढले असतील, तर तिचा कनेक्टर लावायचा राहिला असण्याची शक्यता मोठी. कॉइलची तार केसासारखी बारीक असते. जिथे कॉइलच्या दोन्ही वायरी थेट बाहेर येतात, तिथे इग्निशन बंद ठेवून, कनेक्टर काढून मल्टिमीटरने दोन टोकांत सलगता पाहता येते. वाचन अनंत आलं तर तार तुटलेली. जिथे कडीतच इलेक्ट्रॉनिक्स असतं, तिथे अशी मोजणी काही सांगत नाही. तिथे कनेक्टरवर वीज आणि अर्थिंग पोचतंय एवढं पाहून पुढे जायचं.

युनिट आणि ईसीयू यांच्यामधल्या तारांसाठी एक चटकन होणारी चाचणी आहे. बऱ्याच आधुनिक गाड्यांत ही मंडळी कॅन नावाच्या दोन तारांवर बोलतात आणि त्या तारा स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावायच्या जागेच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर येतात. बॅटरीची ऋण वायर काढून ठेवून या दोन पिनांत रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास आला तर तारा धड आहेत, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० आला तर एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आला तर तारा एकमेकींना टेकल्यात. सॉकेटच्या मागे गेटवे, म्हणजे आतल्या तारा वेगळ्या ठेवणारं मधलं युनिट, असलेल्या गाड्यांत मात्र हे वाचन आतल्या तारांचं नसतं.

पाय ठेवायच्या जागेचा गालिचाही उचलून पाहा. समोरच्या काचेच्या कडेने किंवा एसीच्या निचऱ्यातून पाणी झिरपतं आणि तिथल्या कनेक्टरांवर हिरवट गंज धरतो. पावसानंतर बिघडणारी आणि उन्हात सुधारणारी गाडी बहुतेक वेळा हेच सांगत असते.

स्कॅनरचा कोड कसा वाचायचा

पी०५१३ म्हणजे चावी चुकीची. पी०६३३ म्हणजे ईसीयूला चावी शिकवलेलीच नाही. यू०१६७ म्हणजे इमोबिलायझर युनिटशी संपर्कच तुटलाय; इथे चावी बदलून उपयोग शून्य, वायरी आणि फ्यूज पाहायचे. कंपन्यांचे स्वतःचे कोड याशिवाय असतात आणि साधे स्वस्त स्कॅनर ते वाचत नाहीत, कारण ते फक्त इंजिनाच्या ईसीयूशी बोलतात. इमोबिलायझरच्या कप्प्यात शिरणारा स्कॅनर हवा. त्यात 'चावी ओळखली', 'चावी जुळली', 'इंजिनाला परवानगी' अशा ओळी जिवंत दिसतात, आणि कुठली ओळ 'नाही' म्हणतेय तिथेच साखळी तुटलेली असते. कोड नुसते पुसून गाडी आणू नका. पुसण्याआधी लिहून ठेवा.

बटण-स्टार्टच्या गाडीत वेगळं काय

इथे चावी खिशातच राहते. गाडी कमी वारंवारतेवर हाक मारते, आणि चावी तिच्या सेलच्या जोरावर साधारण ३१५ किंवा ४३४ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. त्यामुळे इथे सेल संपणं हे खरंच कारण असू शकतं. तरीही तुम्ही अडकत नाही: याही चावीत सेलशिवाय चालणारी चिप असते. ती वाचायची जागा गाडीत ठरलेली असते: स्टार्टचं बटण, स्टिअरिंगची बाजू, किंवा मधल्या कप्प्यातला खाचा. चावी तिथे टेकवून ब्रेक दाबा आणि बटण दाबा. ही जागा आजच पुस्तिकेत पाहून ठेवा.

ईसीयू किंवा मीटर बदलल्यावर

भंगारातून त्याच मॉडेलचा ईसीयू आणून लावला आणि गाडी सुरू होईना, यात नवल नाही. तो ईसीयू अजून जुन्याच गाडीच्या युनिटशी बांधलेला आहे. त्याची नव्याने जोडणी करावी लागते आणि त्यासाठी गाडीचा गुप्त पिन क्रमांक लागतो. चुकीचा पिन पुन्हापुन्हा टाकला, की काही गाड्या दर वेळी जास्त वेळ थांबायला लावतात. मीटरमध्ये इमोबिलायझर असलेल्या गाडीत केवळ काटे बिघडले म्हणून मीटर बदलला, तरी हाच घोळ. शक्यतो मूळ मीटर दुरुस्त करून घ्या.

उलट्या टोकांनी केलेला जंप स्टार्ट किंवा इंजिन चालू असताना बॅटरी सोडणं, यांनी मेमरीतली माहिती बिघडू शकते. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत अशा वेळी घरच्या घरी करता येणारी पद्धत आहे: चावी चालू स्थितीत ठेवून दिवा विझेपर्यंत सुमारे दहा मिनिटं थांबायचं, बंद करायचं, आणि हे एकूण तीनदा. अर्धा तास जातो, पण गाडी आहे ती चावी नव्याने शिकते. ही पद्धत सरसकट सगळ्या गाड्यांना लावू नका.

नवी चावी शिकवताना

काही गाड्यांत दोन चालत्या चाव्या हातात असतील, तर त्या ठरावीक क्रमाने फिरवून तिसरी शिकवता येते. बहुतेक गाड्यांत मात्र यंत्र लागतं. तिथे सगळ्या चाव्या घेऊन जा. अनेक गाड्यांत शिकवणी सुरू झाली की जुनी यादी पुसली जाते आणि त्या वेळी हजर नसलेली चावी बाद होते. घरी राहिलेली चावी बिघडली असं मग वाटतं.

दुसऱ्या गाडीची वापरलेली चावी घेणं बहुधा वाया जातं, कारण बऱ्याच चिपा एकदा शिकवल्या की कुलूपबंद होतात. आणि सगळ्या चाव्या हरवल्या, तर खर्च आणि वेळ कितीतरी पटींनी वाढतो. एक चावी उरली असतानाच दुसरी करून घ्या.

'हा प्रकार काढूनच टाकला तर?'

वायर तोडून तो निघत नाही, कारण होकार न आल्यास नकारच, अशी ईसीयूची रचना असते. ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून देणारे भेटतात. पण मग गाडी १९८५ सालच्या पातळीवर येते, चोरी झाल्यास विम्याचा दावा अडू शकतो, आणि जिथे सक्ती आहे तिथे नियमभंगही होतो. तुटलेली कॉइल बदलण्याऐवजी हा मार्ग सुचवणाऱ्याने दोष शोधायचे कष्ट घेतलेले नसतात.

'मग गाड्या चोरीला जातातच कशा?'

काही वेळा गुपित कच्चं असतं म्हणून. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ४० बिटांची एक चिप फोडून दाखवली. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. आकडा प्रचंड वाटतो, संगणकाला तो झेपतो. २०१२ मध्ये ४८ बिटांची पाळी आली. ९६ बिटांच्या एका चिपवरचं संशोधन तर ब्रिटनमधल्या न्यायालयाने २०१३ मध्ये रोखून धरलं होतं, ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२० मध्ये दिसलं, की ८० बिटांचं गुपित घेऊनही काही उत्पादकांनी प्रत्यक्षात २४ बिटांचीच विविधता वापरली होती. म्हणजे शक्यता उरल्या १.६८ कोटी.

बटण-स्टार्टच्या गाड्यांत चोर गुपिताला हातच लावत नाहीत. घरातल्या चावीचा आवाज दोन यंत्रांमधून गाडीपर्यंत पोचवतात आणि गाडीला वाटतं, मालक शेजारीच आहे. म्हणून चावी दारापासून लांब, धातूच्या बंद डब्यात ठेवतात. डबा खरोखर काम करतो का, ते तो गाडीशेजारी नेऊन दार उघडतं का पाहून ठरवा. अलीकडे गाडीच्या कॅन तारांपर्यंत बाहेरून पोचून 'चावी ओळखली' असा खोटा निरोप घुसवण्याचे प्रकारही उघड झाले आहेत. त्यावर इलाज कंपन्यांनीच करायचा. मालकाच्या हातात राहतो तो स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा. जुनाट दिसतो, पण संगणकाने उघडत नाही.

बाहेरून बसवलेलं कट-ऑफ म्हणजे इमोबिलायझरच का?

नाही. जीपीएसबरोबर येणारं किंवा लपवलेल्या स्विचचं कट-ऑफ हा इंधन पंपाच्या किंवा इग्निशनच्या तारेत टाकलेला एक रिले असतो. तो केव्हाही उघडू शकतो, चालत्या गाडीतसुद्धा. हलक्या प्रतीचा रिले तापला किंवा वायर नुसती पिळून टेप मारलेली असली, की गाडी खड्ड्यात आदळताच बंद पडते. शक्य तिथे ते पंप किंवा इग्निशनऐवजी स्टार्टरच्या तारेत बसवून घ्या. मग ते बिघडलं तरी गाडी उभी असतानाच अडवेल.

जुनी गाडी घेताना

दोन्ही चाव्या मागा आणि दोन्हींनी इंजिन सुरू करून पाहा. दार उघडलं म्हणजे झालं असं समजू नका. पिन लिहिलेलं कार्ड किंवा चावी क्रमांकाचं धातूचं बिल्लं मूळ मालकाकडे असेल तर ते घ्या आणि गाडीत ठेवू नका. नव्वदच्या दशकातल्या काही इटालियन गाड्यांना शिकवणीसाठी वेगळी लाल चावी मिळायची. अशा गाडीचा सौदा त्या चावीशिवाय करू नये. मग इमोबिलायझर वाचणारा स्कॅनर लावून गाडीला किती चाव्या शिकवल्या आहेत तो आकडा पाहा. हातात दोन आणि यादीत तीन असतील, तर तिसरी कुणाकडे आहे ते विचारा. उत्तर पटलं नाही, तर यादी पुसून हातातल्या दोनच चाव्या नव्याने शिकवून घ्या. तिसरीने मग इंजिन सुरू होणार नाही, पण तिचे दात दार उघडतीलच, तेव्हा कुलपंही बदलायची का ते त्याच दिवशी ठरवा.